हॅमच्या जनरल परीक्षेत मोर्स अजून हवं का?

गच्चीवरची_तार | ८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे हॅम रेडिओवाले दोन-चार जण तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विषय काढतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: हॅम म्हणजे परवाना काढून हौसेखातर रेडिओवरून संपर्क करणारा माणूस. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या हॅम परीक्षेत दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन भाग. पास झालात की व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन (हवेवरची आपली ओळख) आणि ५० वॅटपर्यंत ट्रान्समिट करायची मुभा. जनरलला अभ्यासक्रम जरा जड, आणि वर मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची भाषा. मिनिटाला ८ शब्द या वेगाने ऐकून लिहायचं आणि पाठवूनही दाखवायचं. ५ अक्षरांचा एक शब्द धरतात, म्हणजे ५ मिनिटांत २०० अक्षरं. ते जमलं तर व्हीयू२, ४०० वॅट आणि फ्रिक्वेन्सीचे जास्तीचे पट्टे.

मी व्हीयू३. तंत्राचा आणि नियमांचा पेपर मला कठीण वाटत नाही, रोजचं काम त्याच्याच आसपासचं आहे. अडतो तो मोर्सवर. आणि खरं सांगायचं तर मला मोर्स वापरायचंच नाहीये. मला बोलायचंय, डिजिटल मोड करायचेत, जमलं तर उपग्रहावरून काम करायचंय.

२००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली आणि ज्याने त्याने आपापलं ठरवावं असं झालं. त्याच वर्षी इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंडने परीक्षेतून मोर्स काढलं. अमेरिकेने २३ फेब्रुवारी २००७ ला काढलं. जपाननेही वरच्या श्रेणींची प्रात्यक्षिक परीक्षा २०११ मध्ये बंद केली. आपण मात्र घट्ट धरून बसलोय. का, हा साधा प्रश्न आहे. "परंपरा" सोडून दुसरं उत्तर असेल तर ऐकायला आवडेल.

---

चहावाला_नाही | ८ नोव्हेंबर, रात्री ९:५२

पहिला! विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण भांडण होणार हे नक्की. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

डिडाडिट | ८ नोव्हेंबर, रात्री १०:३१

दादा, विषय काढलात हे बरं केलंत, पण मी विरुद्ध बाजूची. मोर्स राहू दे.

माझं वय २१, त्यामुळे "जुन्या लोकांचा हट्ट" हा शेरा माझ्यावर मारता येणार नाही. कॉलेजच्या क्लबमध्ये रिस्ट्रिक्टेड झाले, मग जनरल. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी रिस्ट्रिक्टेडचा पेपर कसा दिला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रश्नसंच आदल्या आठवड्यात घोकला, पास झाले. त्यातल्या एकाने नंतर मला विचारलं, डायपोलला (म्हणजे साध्या तारेच्या अँटेनाला) मधून तोडून कोॲक्स, रेडिओकडून येणारी केबल, कुठे जोडायची? परवाना खिशात होता त्याच्या!

मोर्सचं तसं होत नाही. घोकून पास होता येत नाही असा अख्ख्या परीक्षेतला तो एकच भाग आहे. एकतर कानात बसलेलं असतं, नाहीतर नसतं. रोज थोडा थोडा वेळ द्यावा लागतो आणि त्यातून माणूस टिकणारा आहे की नाही हे कळतं. तो काढलात तर जनरल म्हणजे थोडा मोठा रिस्ट्रिक्टेड, बाकी काय?

---

गच्चीवरची_तार | ८ नोव्हेंबर, रात्री १०:४४

डिडाडिट, मुद्दा मान्य. घोकंपट्टी हा रोग खरा आहे. पण त्यावर औषध मोर्स कसं? पोहता येतं का हे बघून ट्रक चालवायचा परवाना द्यावा, तशातली गत. घोकून पास होता येऊ नये असं वाटत असेल तर प्रात्यक्षिक ठेवा ना. परीक्षकासमोर डायपोल कापून दाखव, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) मोजून दाखव, मीटर ३ च्या वर गेला तर काय करशील ते सांग. कोॲक्स कुठे जोडायची हे त्यात पहिल्याच मिनिटाला उघडं पडेल.

---

सोल्डरगन | ८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

बरेच दिवसांनी लॉगिन करायला लावलंत राव.

मी स्वतः व्हीयू२, सीडब्ल्यू आठवड्यातून दोन-तीनदा तरी करतो, आणि मोर्स मला प्राणप्रिय आहे. (सीडब्ल्यू म्हणजे मोर्सच हो. आम्ही लोक तसं म्हणतो.) तरीही परीक्षेतून काढावं या मताचा आहे. कारण भावनिक नाही, गणिती आहे. कंटाळवाणं वाटलं तर पुढच्या प्रतिसादावर जा.

एसएसबीवर, म्हणजे आवाजाच्या नेहमीच्या मोडवर, बोललात तर सिग्नल साधारण २४०० हर्ट्झ रुंद असतो. मोर्स ऐकायला २५० हर्ट्झचा फिल्टर पुरतो, तरबेज माणूस त्याहून अरुंद लावतो. रुंदी जवळजवळ दहापट कमी, म्हणजे रिसीव्हरमध्ये शिरणारी खरखरही दहापट कमी. डेसिबलमध्ये मांडा: सुमारे १० डीबीचा फायदा, तोही फुकट. म्हणून ५ वॅटवर मोर्स पाठवणारा आणि ५० वॅटवर बोलणारा पलीकडे साधारण सारखेच पोचतात.

आता आपला नियम बघा. मोर्स येत नसेल तर ५० वॅट. येत असेल तर ४०० वॅट. ५० चे ४०० म्हणजे आठपट, म्हणजे ९ डीबी. थोडक्यात, ज्याने १० डीबी स्वतःच्या कानाने कमावले त्याला सरकार वरून ९ डीबी बक्षीस देतं, आणि ज्याला बोलण्याशिवाय गत्यंतर नाही त्याला ५० वॅटवर ठेवतं. गरज नेमकी उलटी आहे! मोर्सवाल्याला ५० वॅट म्हणजे चैन आहे हो. बोलणाऱ्याला मे महिन्यात ४० मीटरच्या पट्ट्यावर ढगांच्या कडकडाटातून नागपूर ते मडगाव जायचं असेल तर पॉवर लागते.

आणि ४०० वॅट हातात देताना सरकारला धास्ती कशाची असायला हवी? ॲम्प्लिफायरच्या आतल्या हाय व्होल्टेजची. हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) दुसऱ्यांच्या पट्ट्यात गेले तर त्याची. अँटेना बाल्कनीपासून चार फुटांवर असेल तर तिथे खेळणाऱ्या पोराची. यातलं काहीही "डाडिडाडिट" (मोर्समधला सी; डा म्हणजे रेघ, डिट म्हणजे टिंब) विचारून कळत नाही.

---

डिडाडिट | ८ नोव्हेंबर, रात्री ११:३३

सोल्डरगन काका, गणित बरोबर आहे, मी वहीत करून बघितलं. पण फक्त पॉवरच मिळत नाही ना, पट्टेही वाढतात. आणि तुमचं हेच गणित मी माझ्या बाजूने वापरते. १० डीबी फुकट मिळवून देणारी विद्या आहे तर ती जनरलवाल्याला यायलाच हवी. वीज गेली, बॅटरीवर ५ वॅट उरलेत, तेव्हा कोण कामाला येणार?

---

उगाच_एक_प्रश्न | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

बाहेरचा माणूस म्हणून विचारतो, राग मानू नका. खिशात मोबाइल, घरात इंटरनेट. हॅम रेडिओच कशाला हवा? मोर्स तर लांबच.

---

गच्चीवरची_तार | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

राग कसला! याच्यावर वेगळा धागा होईल. छंद आहे एवढं उत्तर मला पुरतं. शिवाय टॉवर पडले, वीज गेली की मोबाइल आणि नेट दोन्ही जातात. १९९३ ला किल्लारीला, २००१ ला भुजला हॅम कामाला आले. २००४ च्या त्सुनामीत तर योगायोगच: भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी आधीच पोर्ट ब्लेअरला होते, आणि अंदमानातून बाहेर निरोप पोचवायचं काम त्यांच्या स्टेशनवरून झालं.

पण यात डिडाडिटला उत्तर पण आहे. ते काम बोलून झालं, एसएसबीवर. आपत्तीत जे निरोप असतात ते बघा. माणसांची नावं, औषधांची नावं, "अमक्याचा मुलगा सुखरूप आहे, त्याच्या मामाला कळवा." समोर बसलेल्या तहसीलदाराला किंवा डॉक्टरला माइक हातात देऊन थेट बोलता येतं. मोर्समध्ये ८ च्या वेगाने पन्नास नावांची यादी पाठवून बघ एकदा.

---

डिडाडिट | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

८ च्या वेगाने कोण पाठवतंय? मी १८-२० वर असते. :)

---

गच्चीवरची_तार | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:१४

तू असशील गं. परीक्षा ८ ची आहे. मग ८ वर पास झालेला माणूस आपत्तीत कामाचा नाही हे तूच सांगतेयस.

---

चहावाला_नाही | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

ठ्ठो!!

---

न्यूजर्सीकर | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४८

इकडचा अनुभव सांगतो. अमेरिकेत पूर्वी वरच्या एक्स्ट्रा वर्गासाठी मिनिटाला २० शब्द आणि जनरलसाठी १३ लागायचे. एप्रिल २००० पासून दोघांनाही सरसकट ५, आणि २००७ मध्ये तेही गेलं. आता तिन्ही वर्गांना नुसती पर्यायी प्रश्नांची परीक्षा. टेक्निशियन आणि जनरलला ३५-३५ प्रश्न, एक्स्ट्राला ५०. प्रश्नसंच उत्तरांसकट उघडा असतो आणि परीक्षा हॅम स्वयंसेवकच घेतात. मी शनिवारी सकाळी एका फायर स्टेशनच्या हॉलमध्ये जाऊन देऊन आलो. घोकंपट्टी इथेही आहे, डिडाडिट म्हणतेय ते खोटं नाही.

तेव्हा इथल्या जुन्या लोकांनी "आता सीडब्ल्यू मेलीच" म्हणून खूप आरडाओरडा केला होता म्हणे. मेली का? या महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइडची सीडब्ल्यू स्पर्धा आहे. रिसीव्हर लावून १४ मेगाहर्ट्झच्या खालच्या टोकाला कान द्या. सुई ठेवायला जागा नसते. साधी की (मोर्स पाठवायचा हाताने दाबायचा खटका) वापरणाऱ्यांचा एसकेसीसी नावाचा क्लब २००६ मध्ये सुरू झाला, म्हणजे परीक्षा जायच्या तोंडावर, आणि तो आजही जोरात चालू आहे. सीडब्ल्यूऑप्सवाले फुकट ऑनलाइन वर्ग घेतात. मी तिथेच शिकलो, परीक्षेचा काही संबंध नसताना. माझ्या वर्गात कुणालाच परवान्यासाठी मोर्स नको होतं, सगळ्यांकडे परवाना आधीच होता.

थोडक्यात, सक्ती गेल्यावर इथे मोर्स काही बुडालं नाही. भारतात तसंच होईल का ते मला सांगता येणार नाही, तिथे मुळात हॅम कमी.

---

माजी_स्पार्क्स | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सगळे प्रतिसाद वाचले. मी मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो. मोर्सवर माझं घर चाललं, मुलांची शिक्षणं झाली. त्यामुळे माझं मत काय असेल असं वाटत असेल तुम्हाला, तर ते तसं नाही.

आधी जहाजावरची परिस्थिती सांगतो. आमच्या रेडिओ रूममधल्या घड्याळाच्या तबकडीवर दोन लाल पट्टे रंगवलेले असायचे, पंधरा ते अठरा मिनिटं आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस. ती तीन-तीन मिनिटं ५०० किलोहर्ट्झवर सगळ्यांनी गप्प बसायचं आणि नुसतं ऐकायचं, कारण कुणी संकटात असेल तर त्याचा क्षीण सिग्नल त्या शांततेत कळावा. बॉम्बे रेडिओ हे किनाऱ्यावरचं स्टेशन, कॉलसाइन व्हीडब्ल्यूबी, एरवी कितीही गर्दीत असलं तरी त्या मिनिटाला बंद. त्या कामाला परीक्षा कडक हवीच होती. मिनिटाला साध्या भाषेत २० शब्द आणि कोडचे १६ गट, घामाघूम व्हायचो. माझ्या कानावर पंचवीस-तीस माणसांचा जीव होता.

१ फेब्रुवारी १९९९ ला जीएमडीएसएस, म्हणजे जहाजांची नवी संकट-संदेश यंत्रणा, पूर्णपणे लागू झालं. उपग्रह आले, डिजिटल कॉलिंग आलं, आणि आमची जागाच जहाजावरून गेली. कुणी मेट झाला, कुणी किनाऱ्यावर दुकान टाकलं. असो, ते वेगळं दुखणं.

आता हॅमकडे. हॅमला मोर्सची सक्ती मुळात का होती? त्या काळात जहाजं, लष्कर, सरकारी स्टेशनं सगळी मोर्सवर. हौशी माणूस चुकून त्यांच्या वाटेत आला आणि त्यांनी "बाजूला हो" असं सांगितलं तर ते त्याला कळलं पाहिजे. शुद्ध व्यवहारी कारण. पुढे पुढे जसजसा मोर्सचा वापर वरच्या फ्रिक्वेन्सींवर कमी होत गेला तसतशी आंतरराष्ट्रीय नियमातली सक्तीची रेषा खाली येत गेली. १९४७ ला १००० मेगाहर्ट्झ, १९५९ ला १४४, १९७९ ला ३०. २००३ ला ती पुसली. आज तुम्हाला मोर्समध्ये "बाजूला हो" सांगायला कोण बसलंय? कारण गेलं, परीक्षा राहिली.

सरकारने परीक्षा कशाची घ्यावी? ज्याच्या अज्ञानाने दुसऱ्याचं नुकसान होतं त्याची. तुमच्या ट्रान्समीटरचा कचरा विमानाच्या फ्रिक्वेन्सीत गेला तर नुकसान होतं. तुम्ही वाईट मोर्स पाठवलंत तर काय होईल? समोरचा उत्तर देणार नाही. संपलं. वाईट मोर्सची शिक्षा मोर्समध्येच आहे, त्याला परीक्षक लागत नाही.

डिडाडिट बेटा, तुझा कान चांगला दिसतोय, सोडू नकोस. पण तुला जे आवडतं ते सगळ्यांना लावायचा आग्रह धरू नकोस. सक्तीने शिकलेले किती जण पास झाल्या दिवशी की माळ्यावर टाकतात, हे मी क्लबात बघत आलोय.

---

सोल्डरगन | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२२

दंडवत काका. लाल पट्ट्यांचं घड्याळ फोटोत पाहिलं होतं, वापरलेल्या माणसाकडून आज ऐकलं.

---

पांढरी_काठी | १० नोव्हेंबर, सकाळी ११:३७

मी स्क्रीन रीडरवर वाचतोय, टायपिंगच्या चुका पोटात घाला. मला दिसत नाही. हॅम आहे.

तुम्ही सगळे पॉवर आणि परंपरेवर बोलताय, माझा अनुभव निराळा. एफटी८ आलं २०१७ मध्ये आणि ओळखीतले निम्मे हॅम तिकडे गेले. दर १५ सेकंदांनी संगणक संगणकाशी बोलतो आणि माणूस पडद्यावर बघत बसतो. तो वॉटरफॉल, सिग्नलचं सरकतं चित्र, माझ्या काय कामाचा? मोर्समध्ये मी आणि डोळस माणूस अगदी बरोबरीत असतो. उलट माझा कान जास्त तयार आहे, असं समोरचेच म्हणतात. त्यामुळे मोर्स टिकावं हे माझ्याइतकं मनापासून कुणाला वाटत नसेल.

पण परीक्षेचा प्रश्न वेगळा आहे. मला मोर्स ऐकू येत होतं, ते कागदावर लिहून द्या म्हटल्यावर अडलं. लेखनिकाला अक्षर सांगेपर्यंत पुढचं अक्षर निघून जातं. तोंडी सांगू द्या, नाहीतर कीवर परत पाठवून दाखवतो, असं म्हणालो. हे कुठल्या नियमात बसतं हे ठरण्यातच सगळा वेळ गेला. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांचं काय होत असेल? काही कर्णबधिर हॅम स्पीकरच्या पडद्यावर बोट ठेवून थरथरीवरून मोर्स घेतात. त्यांना हेडफोन देऊन काय उपयोग?

परीक्षा ठेवायची असेल तर ऐच्छिक ठेवा आणि पास होणाऱ्याला प्रमाणपत्रावर तसा शेरा द्या. मी पहिला अर्ज करीन.

---

डिडाडिट | १० नोव्हेंबर, दुपारी १:०५

शेऱ्याची कल्पना आवडली. "मोर्स उत्तीर्ण, वेग अमुक." त्यात ८ पण नको, १२, १६, २० अशा पायऱ्या हव्यात. मग मात्र मला चालेल.

माजी_स्पार्क्स काका, तुमचा "नुकसान कुणाचं" हा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. त्याला उत्तर सापडलं नाही. फक्त एवढंच म्हणते, मोर्स काढून त्या जागी दुसरं काही ठेवलं नाही तर परीक्षा पातळ होईल. आधी प्रात्यक्षिक आणा, मग मोर्स काढा. उलट क्रमाने केलंत तर प्रात्यक्षिक कधीच येणार नाही, आपल्याकडची पद्धत माहीत आहे.

---

न्यूजर्सीकर | १० नोव्हेंबर, दुपारी ३:५०

इंग्लंडने एक मधला मार्ग काढला होता. त्यांच्या सुरुवातीच्या फाउंडेशन वर्गात बरीच वर्षं मोर्सची फक्त ओळख होती. समोर तक्ता ठेवून थोडी अक्षरं पाठवायची, थोडी घ्यायची. वेगाचं बंधन नाही, नापास करणं नाही. त्याच वर्गात रेडिओ लावून प्रत्यक्ष संपर्क करून दाखवायचं प्रात्यक्षिकही असायचं. डिडाडिटला हवंय ते हेच.

---

नवशिक्या_सातारा | १० नोव्हेंबर, रात्री ८:१२

वाद चालू दे, पण परीक्षेत आज मोर्स आहे तर आज काय करायचं ते कुणी सांगेल का? मी तक्ता पाठ केला. ए म्हणजे डॉट डॅश, बी म्हणजे डॅश डॉट डॉट डॉट. कागदावर सगळं येतं. कानावर पडलं की एफ आणि एल मध्ये गोंधळ, एच आणि ५ मध्ये गोंधळ. ६ च्या वेगापुढे गाडी सरकत नाही.

---

माजी_स्पार्क्स | १० नोव्हेंबर, रात्री ९:०३

तक्ता आधी फाडा. डोळ्यांनी शिकलात तिथे घोटाळा झाला. तुम्ही ऐकता, डॉट-डॅश मोजता, मनातल्या मनात तक्ता उघडता, अक्षर शोधता, तोवर पुढचं अक्षर येऊन आदळतं. ८ च्या वेगात एक डिट दीडशे मिलिसेकंदांचा आणि डा साडेचारशेचा. इतक्या संथ गतीत मोजायला वेळ मिळतो म्हणून मोजायची सवय लागते, आणि तीच सवय वर जाऊ देत नाही. परीक्षा ८ ची ठेवण्यातला हा दोष कुणी बोलला नाही अजून.

अक्षर म्हणजे एक नाद. एफ: डिडिडाडिट. एल: डिडाडिडिट. मोठ्याने म्हणा, ठेका वेगळा आहे की नाही? डा कुठे पडतो तिकडे कान द्या, मोजू नका. आमच्या आधीचे तारमास्तर तर नुसत्या कट्ट-कडकट्ट वर घेत असत, त्यांच्या साउंडरला सूरही नव्हता.

एचचे चार डिट आणि पाचाचे पाच, हे सुरुवातीला सगळ्यांचं चुकतं. २० च्या वेगाने ऐका म्हणजे एच आखूड आणि पाच लांब लागतो, मोजायची गरजच उरत नाही.

---

सोल्डरगन | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

काकांच्या बोलण्याला जोड. एलसीडब्ल्यूओ नावाची साइट आहे, फुकट. तिथे कॉख पद्धत आहे: पहिल्या दिवशी फक्त के आणि एम, तेही पूर्ण वेगात. शंभरात नव्वद बरोबर यायला लागले की तिसरं अक्षर. अक्षराचा वेग १८-२० ठेवा आणि अक्षरांमधली जागा वाढवा, म्हणजे एकूण वेग ८ च पडतो पण मोजायला सवड मिळत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. डोकं बधिर होतं.

शिकताना सुटलेलं अक्षर सोडून द्या. "काय बरं होतं ते" म्हणत मागे राहिलात की पुढची तीन जातात. परीक्षेत याचाच फटका बसतो. मोजक्याच चुका माफ असतात, आणि एका चुकीच्या मागे धावून पाच-सहा करणारे मी पाहिलेत.

आणि जमलं तर पिक्सी या छोट्या मोर्स सेटचं किट मागवा. ७.०२३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, एक वॅटही धड निघत नाही, पण बाजूच्या जिल्ह्यातल्या माणसाने तुमचं कॉलसाइन परत पाठवलं की झोप उडते. बोलायचंच असेल तर आपल्या हैदराबादच्या अशर फरहान यांचा बिटेक्स आहेच, पण तो बांधायला जरा धीर लागतो. सीडब्ल्यूचा सेट एका संध्याकाळी होतो. परवाना हातात आल्यावर हो! त्याआधी फक्त ऐका.

---

उगाच_एक_प्रश्न | १० नोव्हेंबर, रात्री १०:१८

विषय कळायला लागला हळूहळू. म्हणजे इथे मोर्सवर सगळ्यात जास्त प्रेम करणारेच परीक्षा काढा म्हणताहेत?

---

चहावाला_नाही | १० नोव्हेंबर, रात्री १०:२१

आणि ज्यांना नकोय ते बिचारे शिकताहेत. वाचनखूण साठवली आहे.

---

गच्चीवरची_तार | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. विभागाकडे सूचना पाठवायचा विचार आहे, क्लबमधल्या चार जणांशी बोलून. मसुदा असा: एक, जनरलमधली मोर्सची सक्ती काढून ती ऐच्छिक करावी आणि प्रमाणपत्रावर वेगासकट शेरा द्यावा. दोन, त्याच वेळी अँटेना, एसडब्ल्यूआर, हार्मोनिक फिल्टर आणि विजेची सुरक्षितता यांचं छोटं प्रात्यक्षिक आणावं. डिडाडिटचा "आधी हे मग ते" मान्य नाही, दोन्ही एकदम म्हणतोय. तीन, पांढरी_काठी यांनी सांगितलेली तोंडी किंवा कीवर उत्तर द्यायची सोय. ही तिसरी मागणी तर बाकी काही होवो न होवो, उद्यापासून लागू व्हायला हवी.

---

डिडाडिट | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

तिसऱ्या मागणीवर सही. पहिल्या दोनवर नाही, क्रमावरून अडले आहे आणि अडूनच राहणार. :) विमानतळांचे व्हीओआर (विमानांना दिशा दाखवणारी रेडिओ केंद्रं) आजही आपली ओळख मोर्समध्ये सांगतात, बऱ्याच छोट्या उपग्रहांचे बीकन मोर्समध्ये असतात. आमच्या क्लबात उपग्रहाचा पास ऐकताना नाव सगळ्यात आधी माझ्या लक्षात येतं, बाकीचे सॉफ्टवेअर उघडत असतात. हे जनरलवाल्याला यायला नको?

---

माजी_स्पार्क्स | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:५२

यायला हवं. यायलाच हवं असं नाही.

---

नवशिक्या_सातारा | ११ नोव्हेंबर, रात्री ९:१५

कालपासून के आणि एम चालू आहे. पाठवायच्या सरावासाठी की विकत घेऊ का घरी बनवू? हॅकसॉ ब्लेडची करतात असं व्हिडिओत पाहिलं.

---

सोल्डरगन | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

ब्लेडची उत्तम होते. तुकडा पाच-सहा इंचांचा घ्या आणि दातांवर टेप गुंडाळा. मागचं टोक लाकडी फळीला दोन स्क्रूंनी घट्ट करा. पुढच्या टोकाला बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण चिकटवा, तीच मूठ. ब्लेडवर रंग असतो, जिथे संपर्क होणार तिथला पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढा, नाहीतर दाबूनही आवाज येणार नाही आणि तुम्ही ऑसिलेटर (सरावाचा आवाज काढणारं सर्किट) उघडून बसाल. खाली पितळी स्क्रू, त्याच्या आणि ब्लेडच्या मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट. फळी जड घ्या, हलकी असली की टेबलावर सरकत जाते. आणि बोटांनी टोचू नका, मनगट खाली जाऊ द्या. बोटांनी पाठवलंत तर दहा मिनिटांत हात भरून येतो.

---

नवशिक्या_सातारा | ११ नोव्हेंबर, रात्री ९:५८

धन्यवाद. ब्लेड आहे घरात. पितळी स्क्रू उद्या बघतो.